नगरला जन्मलेला गून

फर्स्ट इयरला आपण सगळे पायथन शिकतो. जर्नलच्या पहिल्या पानावर कोणीतरी हमखास सापाचं चित्र काढतं. पण मित्रांनो, त्या लँग्वेजच्या नावाचा सापाशी काही संबंध नाही. गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रॅमरला 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही जुनी ब्रिटिश टीव्ही मालिका जाम आवडायची. १९९१ मध्ये त्याची लँग्वेज बाहेर आली ती हेच नाव घेऊन. म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलचं नाव चक्क एका विनोदी कार्यक्रमावरून पडलंय! आता पुढची गंमत. ज्या माणसाला माँटी पायथनवाले आपला गुरू मानायचे, तो माणूस जन्मला आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आणि त्याची शाळा पुण्याच्या कॅम्पात. त्याचं नाव स्पाइक मिलिगन.

'येस मिनिस्टर', 'फॉल्टी टॉवर्स', 'ब्लॅकॅडर' हे सगळं हॉस्टेलमध्ये पिढ्यान् पिढ्या एकाच्या हार्ड डिस्कवरून दुसऱ्याच्या हार्ड डिस्कवर जात आलंय. नवीन आलेला मुलगा पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला त्यातलं निम्मं कळत नाही. ॲक्सेंट कळत नाही, लंडनचं राजकारण कळत नाही. तरी सहाव्या सेमिस्टरपर्यंत तो त्यातलाच होऊन जातो. असं का होतं? मला वाटतं, त्यातला साहेब आपल्याला ओळखीचा वाटतो. नो-ड्यूजच्या फॉर्मवर सही हवी असेल तर आधी दुसऱ्याची सही आणा, आणि दुसरा म्हणणार की आधी पहिल्याची आणा, हा अनुभव कोणाला नाही? ब्रिटिश टीव्हीवरचा उपहास नेमका याच जागेवर बोट ठेवतो. नियम, हुद्दा, शिक्का आणि त्यामागे बसलेला माणूस. आणि त्या खुर्चीकडे बघून मोठ्याने हसायला अख्ख्या पिढीला ज्याने शिकवलं, तो हा नगरचा पोरगा.

१६ एप्रिल १९१८ ला नगरमध्ये त्याचा जन्म झाला. खरं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. वडील लिओ आयरिश, ब्रिटिशांच्या तोफखान्यात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. नगर तेव्हाही लष्कराचं गाव होतं. लहानपणीची बरीच वर्षं पुण्यात गेली. कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये तो शिकला. (मी पण कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हे वाचून मला जरा जास्तच आनंद झाला!) वडिलांना नाटकाचा षोक, आई पियानो वाजवणारी. लष्करी करमणुकीच्या कार्यक्रमांत वडील स्टेजवर जायचे. आठ वर्षांचा असताना शाळेच्या ख्रिसमसच्या नाटकात आपण विदूषक झालो होतो, असं तो पुढे सांगायचा. नंतर वडिलांची बदली रंगूनला झाली आणि त्याची शाळाही तिकडे.

या बालपणाचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो परत परत येणार आहे. छावणीत वाढलेल्या मुलाला साम्राज्य दिसतं ते पाठीमागच्या दाराने. परेड ग्राउंडवर जो मेजर छाती काढून चालतो तोच घरी कसा वागतो, हे छावणीतल्या पोरांना बरोबर माहीत असतं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातल्या कपातीत वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब इंग्लंडला परतलं. परतलं म्हणायचं एवढंच, मुलासाठी तो देश नवीनच होता. पुण्याचं ऊन, मोकळी मैदानं, नोकरचाकर सगळं गेलं आणि दक्षिण-पूर्व लंडनची थंडगार, काळवंडलेली गल्ली नशिबी आली. शाळा संपल्यावर त्याने कारकुनी वगैरे किरकोळ नोकऱ्या केल्या. मन मात्र जॅझमध्ये. ट्रंपेट आणि गिटार वाजवत तो बँडबरोबर फिरायचा. रेडिओवर स्पाइक जोन्स नावाच्या अमेरिकन बँडवाल्याचा धिंगाणा ऐकला आणि टेरेन्सचा स्पाइक झाला.

मग महायुद्ध आलं. १९४० मध्ये तो तोफखान्यात भरती झाला, सिग्नलर म्हणून. आधी इंग्लंडचा समुद्रकिनारा, मग उत्तर आफ्रिका, मग इटली. ट्युनिशियामध्ये त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ घसरून कड्यावरून खाली गेली. खाली दुसऱ्या तुकडीची वायरलेसची गाडी उभी होती. तोफ तिच्या अगदी जवळ पडली. थोड्या वेळाने गाडीची कनात उघडून एकाने डोकं आत घातलं आणि इथे कोणाला तोफ दिसली का, अशी चौकशी केली. आत बसलेला वेल्श सैनिक होता हॅरी सीकम, डोकं आत घालणारा स्पाइक. ही मैत्री आयुष्यभर टिकली. हा किस्सा दोघांनीही इतक्या वेळा सांगितलाय की त्यात थोडी फोडणी पडली असणार, पण स्पाइकचा अख्खा विनोद त्यात आहे. प्रसंग जिवावरचा आणि चौकशी हरवलेली छत्री शोधल्यासारखी.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत माँते कसीनोच्या लढाईत तोफगोळा त्याच्याजवळ फुटला. पायाला जखम झाली, पण खरी जखम डोक्यात झाली. त्याला रडू आवरेना, हात थरथरायचे, बोलताना अडखळायचा. आज आपण याला मानसिक आघात म्हणतो. त्याच्या वरिष्ठाने मात्र त्याला भित्रा ठरवलं आणि मिळालेली बढती काढून घेऊन परत साधा गनर केलं. पुढे लिहिताना स्पाइकने अधिकाऱ्यांची जी सालं काढली, त्यामागे हा दिवस आहे असं मला वाटतं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर त्याला लढाईवर पाठवलं नाही. सैनिकांच्या करमणूक पथकात तो गिटार वाजवू लागला आणि हळूहळू विनोद करू लागला.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन नावाच्या लेखकाच्या पबमध्ये चौकडी जमली : स्पाइक, हॅरी सीकम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन. चौघेही युद्धात वर्दी घालून आलेले. 'पॉपाय'च्या कॉमिक्समध्ये गून नावाचे बेढब प्राणी असतात, त्यावरून यांनी स्वतःला गून म्हणवून घेतलं. २८ मे १९५१ ला बीबीसी रेडिओवर यांचा कार्यक्रम सुरू झाला. बीबीसीला 'गून' हे नाव पसंत नव्हतं, म्हणून पहिल्या सीरीजचं नाव वेगळं होतं. पुढे तो 'द गून शो' म्हणूनच गाजला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. दोनशेहून जास्त भाग झाले. बेंटीन १९५२ मध्ये बाहेर पडला, बाकी तिघे शेवटपर्यंत.

हा रेडिओवरचा कार्यक्रम, मग टीव्हीच्या विनोदात त्याचं काय काम? सांगते. रेडिओला कॅमेरा नसतो, त्यामुळे वाट्टेल ते घडवता येतं. स्पाइकने आवाजाचा असा वापर केला की श्रोत्याच्या डोक्यात चित्रच उभं राहावं. त्याला एक विशिष्ट थबकन आवाज हवा होता, म्हणून त्याने बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड आणून स्वतःच्या पायमोज्यात ओतलं आणि तो मोजा आपटून बघितला, असा किस्सा आहे. १९५८ मध्ये बीबीसीने इलेक्ट्रॉनिक आवाजांसाठी रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं, तेव्हा गून शोमधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुड तयार करणं हेही त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अभिमान बाळगावा अशी ही ॲप्लिकेशन!

हा मेजर ब्लडनॉक म्हणजे भारतातून निवृत्त झालेला ब्रिटिश अधिकारी. भित्रा, लाचखाऊ, छातीवर पदकं आणि पोटात गडबड. १९५० च्या दशकात साम्राज्य मावळत होतं, पण लंडनमध्ये त्याच्या आठवणींना उदबत्ती ओवाळणं चालूच होतं. त्याच वेळी दर आठवड्याला लाखो घरांत हा मेजर टेबलाखाली लपत होता. लष्करावर, सरकारवर, आणि खुद्द पगार देणाऱ्या बीबीसीवरही यांनी हात साफ केला. डिसेंबर १९५४ मध्ये बीबीसीने ऑर्वेलच्या '१९८४' चं टीव्ही नाटक दाखवलं. लगेच जानेवारी १९५५ मध्ये गून शोने '१९८५' नावाचा भाग केला आणि त्यातली सगळ्यांवर पाळत ठेवणारी जुलमी संस्था म्हणजे बीबीसीच होती. तिची कँटीन, तिचे कॉरिडॉर, तिचे साहेब. हा भाग प्रसारित कोणी केला? बीबीसीनेच. उपहास जिथे श्वास घेऊ शकतो अशी जागा कशी असते, ते यावरून कळतं.

आता लिहिण्याबद्दल. अर्ध्या तासाचं स्क्रिप्ट, दर आठवड्याला नवीन, आणि एका सीरीजमध्ये साधारण पंचवीस आठवडे. आपली सबमिशनची एक आठवड्याची धावपळ सहा महिने सलग चालू आहे अशी कल्पना करा. सेलर्स आणि सीकम येऊन वाचायचे, हशा घ्यायचे आणि निघून जायचे. स्पाइक परत कोऱ्या कागदापुढे. १९५२ च्या अखेरीस तो कोसळला. हातात सुरी घेऊन तो शेजारी राहणाऱ्या सेलर्सच्या घरी त्याला मारायला निघाला, इथपर्यंत गोष्ट गेली. काही काळ मानसोपचाराच्या रुग्णालयात राहावं लागलं. तिथून परत आला आणि परत लिहायला बसला. काही भागांना लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी हातभार लावला, तरी मुख्य ओझं त्याचंच. हे ओझं आपलं आयुष्य खाऊन गेलं असं तो पुढे अनेकदा म्हणाला.

साइक्सबरोबर त्याने लेखकांची एक एजन्सीही काढली, असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. पहिलं ऑफिस कुठे, तर शेफर्ड्स बुशमध्ये एका भाजीच्या दुकानाच्या वर! त्या जिन्यावरून वर गेलेली नावं बघा. 'स्टेपटो अँड सन' लिहिणारे गॅल्टन आणि सिम्प्सन. 'टिल डेथ अस डू पार्ट' लिहिणारा जॉनी स्पाइट. 'डॉक्टर हू' मधले डालेक ज्याने निर्माण केले तो टेरी नेशन. ब्रिटिश टीव्हीचा अर्धा विनोद त्या माळ्यावर टाइप झाला म्हटलं तरी चालेल. विनोदाचं लेखन हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला ऑफिस लागतं, मानधन लागतं, शेजारच्या खोलीत वाचून बघणारा मित्र लागतो, हे या लोकांनी दाखवून दिलं.

टीव्हीवर स्पाइक १९५६ मध्ये आला. सेलर्सबरोबर आयटीव्हीवर एकाच वर्षात तीन छोट्या मालिका केल्या. दिग्दर्शक होता रिचर्ड लेस्टर, ज्याने पुढे १९६४ मध्ये बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' केला. (बीटल्सही गून शोचे भक्त होते.) पण खरा धमाका झाला २४ मार्च १९६९ ला, बीबीसी टूवर 'क्यू फाइव्ह' सुरू झालं तेव्हा.

हे नीट समजून घेऊ या. तोपर्यंत टीव्हीवरच्या स्केचचं एक ठरलेलं डिझाइन होतं. प्रसंग उभा करा, ताणत न्या, आणि शेवटी एक जोरदार पंचलाइन टाका. टाळ्या, काळोख, पुढचं स्केच. पंचलाइन सापडली नाही तर चांगलं स्केचसुद्धा कचऱ्यात. स्पाइकने विचारलं की शेवट असायलाच हवा असं कोणी ठरवलं? कल्पना संपली की स्केच सोडून द्यायचं. कधी मधेच दुसरं सुरू. कधी सगळे नट जागच्या जागी थांबायचे आणि आता पुढे काय करायचं असं एका सुरात पुटपुटत कॅमेऱ्याकडे सरकायचे. नटांच्या कपड्यांना बीबीसीच्या कपडेपटाची लेबलं तशीच लटकत असायची. म्हणजे राजाने झगा घातलाय आणि झग्याला चिठ्ठी. हा नुसता चावटपणा नाही. टीव्ही स्वतःला फार गंभीर समजायला लागला होता. स्पाइकने प्रेक्षकाला दाखवलं की हा झगा भाड्याचा आहे. एकदा ते दिसलं की बातम्या देणारा, भाषण करणारा, मुलाखत देणारा मंत्री, सगळ्यांच्या कोटाला लेबल दिसायला लागतं.

त्याच वसंतात केंब्रिज आणि ऑक्सफर्डमधून आलेले काही तरुण आपला नवीन कार्यक्रम कसा करावा यावर डोकं खाजवत होते. टेरी जोन्सने 'क्यू फाइव्ह' बघितलं आणि आपण करणार होतो ते या माणसाने आधीच करून टाकलं म्हणून तो हादरला. मग त्यांनी शहाणपणाचं काम केलं. धडा घेतला, आणि स्पाइकचा दिग्दर्शक इयान मॅकनॉटनही घेतला. ५ ऑक्टोबर १९६९ ला 'माँटी पायथन' सुरू झालं. त्यांच्याकडे शिस्त होती, सहाजणांचा संघ होता, ॲनिमेशन होतं. कार्यक्रम जगभर गेला. 'क्यू' मालिका त्या मानाने मागे राहिली. पुढच्या सीरीज १९७५ ते १९८० या काळात आल्या, पण स्पाइकचं लेखन फार वरखाली व्हायचं. एक स्केच अफाट आणि पुढची तीन अगदीच पडलेली. हेही सांगायला हवं. गुरू होता म्हणून सगळं उत्तमच होतं असं नाही.

आणि एक गोष्ट आपण भारतीयांनी तरी टाळू नये. १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' नावाची मालिका आली. लेखक जॉनी स्पाइट, आणि स्पाइक त्यात तोंडाला तपकिरी रंग लावून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झाला होता. हेतू असा सांगितला की गोऱ्या कामगारांच्या वंशद्वेषाची चेष्टा करायची. सहा भागांनंतर नियामकांनी ती बंद पाडली. तरी १९७५ मध्ये स्पाइकने पाकिस्तानी डालेकचं स्केच केलं, आणि त्याच वर्षी 'द मेल्टिंग पॉट' या स्थलांतरितांवरच्या मालिकेचा पायलट आला. पुढचे भाग बीबीसीने तयार करूनही दाखवले नाहीत. आज हे बघवत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला आपली बोली, आपले हेल छान येत होते, माया पण होती. पण वर्गात जसं असतं ना, एखाद्याची नक्कल करणारा प्रेमाने करतो आणि हसणारे मात्र वेगळ्याच कारणाने हसतात. लंडनच्या शाळेत टोमणे खाणाऱ्या भारतीय मुलाला लेखकाचा हेतू काय कामाचा? साहेबाच्या खुर्चीकडे बघून हसणं हा उपहास. तोच बाण खाली उभ्या असलेल्या माणसाकडे वळला की त्याला फक्त टवाळी म्हणतात. स्पाइकला हा फरक प्रत्येक वेळी सांभाळता आला नाही.

गंमत म्हणजे परकेपणाचा चटका त्याला स्वतःलाही बसला होता. जन्म भारतातला, वडील आयरिश. १९६२ च्या सुमारास ब्रिटिश कायदे बदलले आणि याचा पासपोर्टचा हक्क अडकला. सहा वर्षं त्या देशासाठी तोफा ओढल्या, डोक्यावर परिणाम करून घेतला, आणि आता राणीशी निष्ठेची शपथ घ्या म्हणजे बघू! त्याने शपथ घ्यायला नकार दिला आणि सरळ आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. शेवटपर्यंत तो आयरिश नागरिकच राहिला.

आजार कधीच पूर्ण गेला नाही. त्याला बायपोलर डिसऑर्डर होता. अनेकदा तो महिनोन् महिने खोलीचं दार लावून बसायचा. पण त्याने हे लपवलं नाही. लोक नैराश्य हा शब्द उच्चारायलाही घाबरत होते त्या काळात तो टीव्हीवर त्याबद्दल मोकळेपणाने बोलला. १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्याने नैराश्यावर पुस्तकही लिहिलं. अनेकांना वाटतं की तो वेडा होता म्हणून इतका विनोदी होता. मला हे पटत नाही. आजारी असायचा तेव्हा त्याच्याकडून काहीच लिहून होत नसे. युद्धाच्या आठवणींचे सात खंड, कादंबरी, मुलांसाठी कविता, शेकडो स्क्रिप्ट्स, हे सगळं बरं वाटत असलेल्या दिवसांत घाम गाळून केलेलं काम आहे. हॉस्टेलमध्ये प्रत्येक विंगला एक तरी असा असतो, जो सगळ्यांना हसवतो आणि ज्याला कोणी कधी विचारत नाही की तुझं कसं चाललंय. त्याला विचारा. तेवढं तरी स्पाइककडून घ्यायला हरकत नाही.

१९७९ चा 'लाइफ ऑफ ब्रायन' बघितला असेल तर त्यात स्पाइक क्षणभर दिसतो. ट्युनिशियामध्ये तो आपल्या जुन्या रणभूमी बघायला गेला होता आणि योगायोगाने पायथनवाले तिथेच शूटिंग करत होते. त्यांनी त्याला एका प्रसंगात उभं केलं. दुपारपर्यंत काम केलं आणि क्लोजअप घ्यायच्या आत हा गायब. शेवटाशी त्याचं वाकडं होतं ते असं!

१९९४ मध्ये त्याला विनोदासाठी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. गून शोचे कट्टर चाहते प्रिन्स चार्ल्स यांचं कौतुकाचं पत्र वाचून दाखवलं जात असताना याने त्यांनाच थेट प्रक्षेपणात शिवी हासडली. चार्ल्सनी मनावर घेतलं नाही. २००१ मध्ये त्याला नाइटहूड मिळालं, पण मानद, कारण कागदोपत्री तो परदेशी.

२७ फेब्रुवारी २००२ ला ८३ व्या वर्षी तो गेला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. मी आजारी आहे हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं, अशा अर्थाचं वाक्य आपल्या कबरीवर असावं ही त्याची जुनी इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. पवित्र जागी असला विनोद चालणार नाही. दगड बराच काळ अडून राहिला. शेवटी तडजोड निघाली की वाक्य कोरा, पण इंग्रजीत नको, आयरिश भाषेत कोरा. म्हणजे तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ते कळणार नाही आणि नियमही पाळला जाईल. तसंच झालं. आता लोक मुद्दाम तिथे जातात, न कळणाऱ्या त्या ओळीचा अर्थ एकमेकांना विचारतात, आणि कळला की कबरीपुढे उभे राहून हसतात.